सावडीची सही

फळ्यावर दोन बैल काढायला दैवशालाला दोन मिनिटंही लागत नसत. शिंगं, वशिंड, शेपटी. नऊ वर्षं शिकवून बसलेला हात होता.

"हा लिंबाजीचा," ती म्हणाली. "आन् हा माऊलीचा. दोघांकडं एकेकच. एका बैलानं नांगर चालतो का?"

"न्हाई मॅडम."

"मग काय करायचं?"

"सावड."

वर्गात चौघंच होती. अकरावी विज्ञानाच्या हजेरीत ऐंशी नावं होती. शहात्तर मुलं मोठ्या शहरात क्लासला गेलेली. नाव इथं, पोरगं तिथं. ही चौघं राहिली, कारण त्यांना तेवढ्या लांब धाडणं घरच्यांना झेपत नव्हतं. देवगाव फाट्यावरच्या त्या कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र म्हणजे ही चार पोरं, एक फळा आणि दैवशाला.

सावड काय असते हे त्यांना सांगावं लागलं नाही. जिंतूरकडच्या डोंगरातल्या रानात ट्रॅक्टर चढत नाही. तिथं बैल लागतो. दोन पोसायची ऐपत नसली की माणूस एक ठेवतो, आणि दुसरा एक बैलवाला शोधतो. एक तुझा, एक माझा. आज तुझं रान, उद्या माझं.

"हायड्रोजनचं असंच असतंय," दैवशाला म्हणाली. "एकेका अणूकडं एकच इलेक्ट्रॉन. पाहिजेत दोन. मग दोघं शेजारी येतेत, आपापला एक मधी ठेवतेत. जोडी झाली. आता जोडी कोणाची?"

"दोघांची."

"बरोबर. पण दर वेळी सारखी न्हाई बरं का. हायड्रोजन आन् क्लोरीन सावडीला बसले तर? क्लोरीन म्हंजे मोठा खटला, लई रानाचा धनी. जोडी दोघांची, पण तो तिला आपल्याकडं ओढून धरतो. रानाला वापसा आला, ओल औत घालण्याजोगी झाली की पहिली पाळी त्याची."

अर्पितानं हात वर केला. दररोज सहा किलोमीटर सायकल मारत येणारी पोरगी. "मॅडम, मंग लहान्याचं रान वाळून गेलं तर?"

"हायड्रोजन तक्रार करत न्हाई."

"त्याला तोंड न्हाई म्हणून," मागून एक पोरगा म्हणाला. चौघंही हसली. दैवशालाही हसली.

"आन् मॅडम, एकदा जोडी झाल्यावर ह्यातला लिंबाजीचा कोणता आन् माऊलीचा कोणता, ते कळतं का?"

हा प्रश्न दर वर्षी कोणीतरी विचारायचंच. दैवशाला त्याची वाट पाहायची.

"बैल वळखू येतो. त्याला रंग असतो, शिंगं असतेत. इलेक्ट्रॉनला काहीच नसतं. बंधात गेला की कोणाचा कोणता, कोणालाच सांगता येत न्हाई. ज्यानं दिला त्यालासुद्धा."

तास संपला. तिनं फळा पुसला. बैल आधी पुसले, मग अणू.

*

दैवशाला मेंढपाळाच्या घरातली. बाप रायभान, माय कासाबाई. घरच्या तीन एकरांत पिकेल ते पिकेल, बाकी वर्षभर मेंढ्यांच्या मागं हिंडणं. रायभान दर आठ दिवसांनी दगडांवर खडे मीठ पसरायचा आणि मेंढ्या ते चाटायच्या. दहावीत असताना दैवशालानं त्याला सांगितलं होतं, "आबा, ह्या मिठात सोडियम असतो. नुसता जिभेवर ठेवला तर जीभ जाळंल. आन् क्लोरीन असतो. नुसता हुंगला तर जीव घेईल. सोडियम आपला एक इलेक्ट्रॉन क्लोरीनला देऊन टाकतो, मग दोघं एकमेकाला धरून बसतेत. त्याचं मीठ होतं."

रायभान बराच वेळ मेंढ्यांकडं बघत राहिला. "म्हंजे दोन वंगाळ एका जागी आले की चांगलं होतंय म्हण की," तो म्हणाला. "आमच्या भावकीत का होईना मग?"

ही गोष्ट तो पुढं कित्येक वर्षं बाजारात सांगायचा. आपली पोरगी मिठाच्या आत काय असतं ते जाणती, म्हणून.

परभणीला राहून तिनं एम.एस्सी. केलं. निकाल लागला त्या उन्हाळ्यात रायभानाच्या मेंढ्या बन्सीधर सरांच्या रानात बसल्या होत्या. बन्सीधर म्हणजे फाट्यावरच्या संस्थेचे अध्यक्ष. फाट्याजवळ चाळीस एकर रान. पऱ्हाट्या उपटल्या की दर वर्षी रायभानाची मेंढरं तिथं मुक्कामाला. रातभर मेंढ्या बसायच्या, रानाला खत व्हायचं, आणि त्या बदल्यात मेंढपाळाला ज्वारी मिळायची. पिढ्यांची रीत.

त्या वर्षी रायभान म्हणाला, "मालक, जवारी नका देऊ. औंदाच न्हाई, कधीच नका देऊ. पोरीचं तेवढं बघा."

"पोरगी आपलीच हाय रायभान. कॉलेज आज ना उद्या अनुदानावर येणार. कायमची होऊन जाईल."

कासाबाईनं विचारलं होतं, कागद-बिगद काही केला का. रायभानाला राग आला होता. मेंढ्या बसवायला कधी कोणी कागद केलाय? चार जिल्हे हिंडतो माणूस. चारशे मेंढ्या परक्याच्या रानात नेऊन उभ्या करतो. सगळं बोलीवर. बोलीवर विश्वास नसला तर मेंढपाळानं घरातच बसावं.

पहिल्या दिवशी दैवशाला रुजू झाली तेव्हा मस्टरवर तिचं नाव नव्हतं. रसायनशास्त्रापुढं निकिता असं नाव होतं. बन्सीधर सरांची सून.

"सूनबाई बाळंतपणाला गेली," सर म्हणाले. "जागा रिकामी दिसली तर मान्यता जाती. सहा महिने तिच्या नावापुढं सही करा. ती आली की दुसरी जागा निघतीच, ती तुमची."

दैवशालाला यात वावगं दिसलं नाही. गावात लिंबाजीचा बैल लंगडला की माऊली आपला एकटा बैल दुसऱ्याच्या जोडीला लावून आधी लिंबाजीचं रान करून द्यायचा. आज तिची अडचण, उद्या आपली. हे तर तिनं लहानपणापासून पाहिलेलं.

"सही कशी करतेत त्या?" तिनं कारकुनाला विचारलं.

"अजून एकदाबी न्हाई केली. करा तुमच्या मनानं कशीबी. फकस्त रोज सारखी करा."

म्हणून ती सही दैवशालानंच बनवली. 'नि'ची वेलांटी मोठी, एका झटक्यात वर नेऊन खाली सोडलेली. मग लहान 'किता'. खाली आडवी रेघ. रेघेखाली दोन टिंबं. तिला ती आवडलीही होती.

सहा महिन्यांची दोन वर्षं झाली. निकिताला दुसरं मूल झालं. नवरा छत्रपती संभाजीनगरला, ती तिकडंच. दुसरी जागा निघाली नाही. दर जूनला सर म्हणायचे, "औंदा होतंय बघा." दर उन्हाळ्यात मेंढ्या चाळीस एकरांत बसायच्या. मधल्या काळात दैवशालाला तीन स्थळं आली. तिन्ही वेळा पाहुण्यांनी एकच विचारलं, कायम कधी होणार? तिन्ही वेळा कासाबाईनं पोहे केले आणि तिन्ही वेळा ताटल्या दैवशालानं विसळल्या. मग स्थळं यायची थांबली.

नऊ वर्षं तिनं रोज सकाळी ती सही केली.

*

फेब्रुवारीत अनुदानाची यादी लागली. कॉलेजचं नाव यादीत होतं.

बन्सीधर सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. "बसा मॅडम," म्हणाले. चहा सांगितला. नऊ वर्षांत तिनं त्या केबिनमध्ये उभ्यानंच बोलणं ऐकलं होतं. ती बसली तेव्हा खुर्ची तिला फार खोल वाटली.

"सर, माझी ऑर्डर."

"हां. तेच बोलायचंय. बघा, फाईल गेली ती जुन्या मान्यतेवर. मान्यता सूनबाईची. रसायनाची जागा एकच. तुमचं पुढच्या टप्प्यात. बोली ती बोली."

"नऊ वर्षं मी शिकवलं सर."

"मी कुठं न्हाई म्हणतोय? पोरं सांगतेल, गाव सांगंल. पण फाईलला तोंड न्हाई न. फाईल सही बघती."

"सहीबी माझीच हाय."

सर थोडा वेळ टेबलाच्या काचेवरून बोट फिरवत राहिले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "हे असं मोठ्यानं बोलू नका. नऊ वर्षं दुसऱ्याच्या नावाची सही कोणी केली, असं साहेबानं विचारलं तर मी कोणाचं नाव सांगू? मला पोरीसारख्या हायत तुमी."

चहा आला. सरांनी कप तिच्याकडं सरकवला.

"एक करा," सर म्हणाले. "मंगळवारी परभणीत शिक्षण खात्याची पडताळणी हाय. साहेब समोर सही करायला लावतेत. सूनबाई शनवारी येईल. तिला तेवढी सही शिकवा. आन् जरा विषयाचं बी. लेकराबाळांत विसरली असंल."

दैवशाला बाहेर आली. जिन्यापाशी रेणुका उभी होती. रेणुका तासिकेवर मराठी शिकवायची. दोनच वर्षं झाली होती तिला. दुपारचा डबा दोघी एकत्र खायच्या.

"काय झालं ताई?"

दैवशालानं सगळं सांगितलं. सलग, आवाज न चढवता. रेणुकाचं तोंड उघडंच राहिलं.

"आन् तुमी काय म्हणालात?"

"चहा पिला."

रेणुकानं तिचा दंड धरला. "शिकवू नका. ताई, तुमाला काहीच करायचं न्हाई. कुठं तक्रार न्हाई, भांडण न्हाई. नुसतं शिकवू नका. समोर सही जमली न्हाई की आपोआप उघडं पडतंय. मग तुमची पाळी येतीच."

"उघडं पडलं तर जागाच जाती. कॉलेज जातंय. ती चार पोरं?"

"त्या पोरांना कशाला मधी आणता?"

"मधी तीच हायत रेणुका."

रेणुकानं तिचा दंड सोडला. ती पुस्तकं वाचलेली मुलगी. पुस्तकात अशा ठिकाणी कोणीतरी काहीतरी करतं.

*

शुक्रवारी संध्याकाळी दैवशाला सरांच्या रानाकडं गेली. दिवस मावळायला आला होता. रायभान मेंढ्यांभोवती जाळी ताणत होता. कासाबाई तीन दगडांच्या चुलीपाशी बसलेली.

पोरीला बघितल्याबरोबर रायभानानं पटक्याच्या टोकाची गाठ सोडली. आत पेढा होता. चेपून चपटा झालेला, वर पटक्याचे धागे चिकटलेले.

"मालकानं दिला. यादी आली म्हणं. तुझ्यासाठी ठिवला," तो म्हणाला. "कागद भेटला का?"

"पुढच्या टप्प्यात म्हणतेत."

"म्हंजे?"

"म्हंजे न्हाई, आबा. सुनंला भेटला."

रायभानाच्या हातातली जाळी सैल झाली. एक कोकरू बाहेर निसटलं. ते त्यानं पायानंच आत ढकललं. मग जाळी परत ताणली.

"मेंढ्या उठवा आबा. आत्ताच्या आत्ता."

"येत्या अमावस्येपस्तोर बोललोय मी."

"त्यानं बोली मोडली."

"त्यानं मोडली म्हणून आपून मोडायची?"

चुलीपाशी बसूनच कासाबाई बोलली. तिनं मानही वळवली नाही. "नऊ वरसं त्याच्या जवारीचा दाणा न्हाई आला माझ्या तव्यावर. आन् बोली म्हणं. बोली भाज आन् खा आता."

"गप बसा माय-लेकी," रायभान ओरडला. मग त्याचा आवाज एकदम उतरला. "काय करू मी? नऊ वरसाच्या लेंड्या येचून आणू का त्याच्या रानातून? मातीत गेल्या त्या. त्याचं रान झालं त्यांचं."

दैवशालानं पेढा खाल्ला. बाप बघत होता म्हणून.

*

शनिवारी निकिता आली. दैवशालानं तिला नऊ वर्षांत दोनदाच पाहिलं होतं, तेही सव्वीस जानेवारीला, लांबून. जवळून ती थकलेली दिसत होती. तिच्या पर्समध्ये लहान मुलाचा एक मोजा होता. पेन काढताना तो बाहेर आला आणि तिनं घाईनं आत कोंबला.

प्रयोगशाळेत दोघी समोरासमोर बसल्या. दैवशालानं जुन्या उत्तरपत्रिकांचे कोरे कागद काढले. एक सही करून दाखवली.

निकितानं दहा केल्या. "वेलांटी तुमची कशी एका दमात येते. माझी मोडते."

"मनगट उचलू नका."

अजून वीस.

"आता?"

"रेघ अशी ओढू नका, सोडून द्या. हात गेला की रेघ गेली पाहिजे."

शिकवायचं नाही असं ठरवून दैवशाला आली होती. रेणुकाला तसं तिनं सकाळी सांगितलंही होतं. पण समोर कोणी चुकायला लागलं की तिचा हात आपोआप पुढं जायचा. ही सवय तिला कोणी लावली नव्हती आणि काढूनही टाकता येत नव्हती. तिनं निकिताचं मनगट धरलं आणि वेलांटी वर नेली.

दुपारपर्यंत कागद भरले. निकितानं एका कागदावर आपल्या आणि दैवशालाच्या सह्या मिसळून करून घेतल्या आणि कागद वर धरला. "ओळखा बघू."

"ही तुमची. ही बी तुमची."

"कसं कळलं?"

"टिंबं घाबरलेली हायत."

निकिता हसली. मग हसू गेलं. "मॅडम, तुम्हाला राग नाही आला? मी मामंजींना म्हणाले होते. म्हटलं, त्या बाई..." ती थांबली. "घरात माझं कोण ऐकतं."

"टिंबं दाबून द्या," दैवशाला म्हणाली.

मग विषय निघाला. साहेब एखादा प्रश्न विचारतात म्हणे, बहुतेक बंधाचाच. निकिताला पुस्तकातल्या व्याख्या पाठ होत्या. पण बोलायला लागली की देणं आणि वाटून घेणं यांची गल्लत व्हायची. म्हणाली, "सोडियम आणि क्लोरीन इलेक्ट्रॉन शेअर करतात."

दैवशाला गप्प राहिली.

एवढंच करायचं होतं. काही बोलायचं नव्हतं. नुसती मान हलवायची आणि उठायचं. पहिल्याच प्रश्नाला साहेबांच्या भुवया वर गेल्या असत्या. ती खिडकीतून बाहेर बघत राहिली. फाट्यावर जिंतूरची बस थांबली, माणसं उतरली, चढली, बस गेली.

"बरोबर ना मॅडम?"

पाठीमागं फळा होता. शुक्रवारी तास इथंच झाला होता; पुसलेल्या बैलांच्या पुसट रेघा अजून दिसत होत्या.

"न्हाई," दैवशाला म्हणाली. "सोडियम वाटून घेत न्हाई. देऊन टाकतो. आपला शेवटचा एक हाय तो देऊन टाकतो. आन् दिलं म्हणून सुटतो असं न्हाई. देणारा धन होतो, घेणारा ऋण होतो, आन् त्यानंच दोघं एकमेकाला बांधले जातेत. वाटून घेणं येगळं. थांबा." तिनं खडू घेतला. "हा लिंबाजीचा बैल. हा माऊलीचा."

निकिता वहीत उतरून घेऊ लागली.

*

मंगळवारी रेणुका सोबत आली. बसमध्ये ती एकदाच बोलली. "शिकवलंत तर शिकवलंत. पण आत बोलावतील तेव्हा सांगा. एक वाक्य. ही सही माझी हाय. बास."

"सांगते," दैवशाला म्हणाली. आणि त्या वेळी तिला खरंच सांगायचं होतं. बोरीजवळ बस थांबली तेव्हा तिनं ते वाक्य मनातल्या मनात दोनदा म्हणून पाहिलं.

प्रयोगशाळेची नोंदवही घेऊन यायला सरांनी सांगितलं होतं. ती वही मांडीवर ठेवून ती शिक्षण कार्यालयाच्या व्हरांड्यात बाकावर बसली. दार अर्धं उघडं होतं. आतलं सगळं ऐकू येत होतं.

साहेब मध्यम वयाचे. आवाज साधा. "मॅडम, अकरावीच्या पोरांना बंध कसा शिकवता? इलेक्ट्रॉनची भागीदारी?"

निकिताचा आवाज आधी कापला. मग सापडला. "सर, मी दोन बैल काढते फळ्यावर. एक लिंबाजीचा, एक माऊलीचा. एका बैलानं नांगर चालतो का, असं विचारते. पोरं म्हणतात, नाही. मग काय करायचं? सावड."

साहेब हसले. मोकळं, मनापासून हसले. "वा. सावड. आमच्या वडलांनी केलेली हो. मॅडम, तुम्ही शेतकऱ्याच्या घरातल्या दिसता."

"सूनबाई आपल्या मातीतलीच हाय साहेब," बन्सीधर सर म्हणाले.

"आणि एक जण जास्त ओढत असेल तर?"

"मग तो मोठा खटला, सर. वापसा आला की पहिली पाळी त्याची."

साहेब परत हसले.

रेणुकानं दैवशालाकडं पाहिलं. दैवशाला दाराकडं बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. शिकवलेलं पोरगं तोंडी परीक्षेत न अडखळता उत्तर द्यायला लागलं की तिचा चेहरा जसा व्हायचा, तसा झाला होता. तो तसा झालेला तिलाही कळला आणि तिनं मान खाली घातली.

मग आत कागद सरकल्याचा आवाज आला. सही. जुनं मस्टर उघडल्याचा आवाज. पानं उलटल्याचा आवाज. "ठीक आहे," साहेब म्हणाले.

तिला आत बोलावलं.

"या कोण?"

"तासिकेवर हायत. प्रयोगशाळेचं बघतेत. मदतीला," सर म्हणाले.

साहेबांनी वही चाळली. मग एका छापील कागदावर बोट ठेवून, सगळ्यांना विचारतात तसं विचारलं, "संस्थेबद्दल काही सांगायचं आहे?"

रेणुका दारात उभी होती. पंखा फिरत होता. टेबलावर मस्टर उघडं होतं. नऊ वर्षांची पानं, एका ओळीत एकखाली एक त्या वेलांट्या, ती रेघ, ती टिंबं. दैवशालानं त्यात आपण कुठं दिसतो का ते पाहिलं. सगळ्या पानांवर निकिता होती. आता ताज्या कागदावरही निकिता होती, आणि तीही तशीच.

"मॅडम?"

"न्हाई," ती म्हणाली.

"मग इथं सही करा."

तिनं पेन घेतलं. हात वर जायला लागला, वेलांटीकडं. तिनं तो थांबवला. मग एकेक अक्षर लिहिलं. दै. व. शा. ला. पहिलीतल्या पोरीसारखं.

"नाव नको मॅडम. सही करा, सही."

"हीच सही हाय साहेब."

*

परतीच्या बसला वेळ होता. रेणुकानं स्टँडसमोरून भजी आणली. दोघींनी खाल्ली नाहीत. कागदावर तेल पसरत गेलं.

"का?" शेवटी रेणुका म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "एक वाक्य होतं ताई."

दैवशालानं कागदाची घडी घातली. "त्यांनी सही करा म्हणलं न, तवा मी खरंच आठवत होते. माझी स्वतःची कशी होती ते. कॉलेजात असताना करायचे मी. 'द'ला काहीतरी गाठ होती." तिनं हवेत बोट फिरवून पाहिलं. "न्हाई आठवली."

फलाटावर गाडी लागली आणि माणसांची झुंबड उडाली. दैवशालानं नेहमीसारखी खिडकीतून नोंदवही टाकून जागा धरली.

*

दुसऱ्या दिवशी ती कॉलेजला गेली. जायचं नाही असं तिनं ठरवलं नव्हतं, जायचं असंही नाही. धातूंमधला बंध राहिला होता आणि चौघं येणार होती. सरांनी निरोप धाडला होता की शिकवायला तुम्हीच, सूनबाई महिन्यातून एकदा येऊन सह्या करून जाईल. वाटेत चाळीस एकरांचं रान लागतं. मेंढ्या अजून तिथंच होत्या. अमावस्येला चार दिवस होते. रायभानानं लांबून काठी वर केली. तिनं हात वर केला.

स्टाफरूममध्ये मस्टर नेहमीच्या जागी होतं. तिनं पर्स ठेवली, पेन काढलं, टोपण काढून पेनाच्या मागं लावलं, पान उघडलं. आजच्या तारखेचा चौकोन भरलेला होता. पुढचे तीन आठवडेही.

ती वाकून बघत राहिली. वेलांटी एका दमात गेलेली. रेघ सोडून दिलेली. टिंबं दाबून दिलेली. सोमवारची तिची होती. तिनं स्वतः केली होती, सकाळी दहा वाजता, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिनं सोमवारवर बोट ठेवलं, मग बुधवारवर. परत सोमवारवर. दिवस छापलेले होते म्हणून कळत होतं. नाहीतर काही कळलं नसतं.

घंटा झाली. तिनं टोपण काढून पुन्हा पेनाच्या तोंडाला लावलं.

वर्गात चौघं उभी राहिली. तिनं खडू घेतला.

"बसा," ती म्हणाली.